मागची मोकळी जागा

ज्योत्स्ना महाजनच्या मुलींनी त्या हंगामात पाच सामन्यांत एकोणीस गोल मारले होते. मुलींचं फुटबॉल बघायला बुऱ्हाणपुरात आधी कोणी फिरकत नसे. आता रविवारी लालबागकडच्या मैदानाच्या भिंतीवर बसायला जागा मिळेना. यंत्रमागावरची पाळी संपवून आलेले लूमवाले, शनवाऱ्याच्या बाजारातले दुकानदार, मुलींचे मामा-मावश्या, सगळे यायचे आणि चेंडू उजव्या बाजूला गेला की एकच ओरडा करायचे, "दीपाली, भाग! दीपाली, चल!"

अंगावर अकरा गोल झाले होते, पण त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं.

ज्योत्स्ना चौतीस वर्षांची. सकाळी मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका आणि संध्याकाळी या क्लबची कोच. ती स्वतः सात वर्षं खेळली होती, बॅकच्या जागेवर, वसंत सरांच्या हाताखाली. वसंत सरांचा एकच नियम होता : आधी घर राखा. बॅकने सेंटर लाइन ओलांडायची नाही. सात वर्षांत ज्योत्स्नाने समोरच्या गोलकीपरचा चेहरा एकदाही जवळून पाहिला नव्हता. त्यांचा संघ क्वचितच हरायचा, जिंकायचाही क्वचितच. बहुतेक सामने शून्य-शून्य सुटायचे आणि बघणारे अर्ध्यातून उठून जायचे.

म्हणून स्वतःचा संघ हातात आला तेव्हा तिने उलटं केलं. चार बॅकपैकी कडेच्या दोघींना तिने सांगून टाकलं, की तुम्ही आता राखणदार नाही. आपल्याकडे चेंडू आला की दोन्ही कडांनी थेट समोरच्यांच्या कोपऱ्यापर्यंत पळायचं आणि तिथून चेंडू आत टाकायचा. उरलेल्या दोघी मधल्या बॅक पार सेंटर लाइनपर्यंत पुढे येऊन उभ्या राहायच्या. समोरचा संघ आपल्याच अर्ध्यात कोंडला जायचा. चेंडू कसाबसा बाहेर काढला तरी तो पुन्हा आपल्याच मुलींच्या पायात.

दीपाली उजव्या कडेला होती. कापड दुकानदाराची मुलगी, वीस वर्षांची. लहानपणी तिला बॅक केलं ते तिला चकवता येत नाही म्हणून. पण तिला पळता येत होतं. सत्तराव्या मिनिटालाही ती पहिल्या मिनिटासारखी पळायची. ज्योत्स्नाने तिला सोडलं आणि पाच सामन्यांत सात गोल तिच्या पासवर झाले. आधी सरावाला तोंड पाडून येणाऱ्या मुली आता अर्धा तास आधी येऊन बूट बांधत बसायच्या.

आणि या सगळ्यांच्या मागे, पन्नास पावलांच्या रिकाम्या मैदानाच्या टोकाला, स्नेहल उभी असायची.

स्नेहल ताप्तीपलीकडची, जैनाबादची. एकोणीस वर्षांची. वडील देवराम पाटील केळी लावायचे. केळीचे घड ट्रकवर चढवताना खालून फेकलेला घड वरच्याने झेलायचा असतो, आणि झेलताना हात जरा मागे घ्यावे लागतात, नाहीतर फळाला मार लागतो आणि दोन दिवसांत ते काळं पडतं. स्नेहल हे दहाव्या वर्षापासून करत होती. तिच्या हातातून चेंडू उसळायचा नाही, विरघळल्यासारखा थांबायचा. ज्योत्स्नाने तिला निवडलं ते या हातांसाठी. पण या नव्या खेळात स्नेहलला हातांचं काम कमीच पडायचं. समोरच्या संघाने चेंडू लांब उचलून टाकला, आणि त्यांची एखादी वेगवान पोर त्याच्यामागे सुटली, की स्नेहलला बॉक्स सोडून पळत बाहेर यावं लागे आणि ती पोहोचायच्या आधी पायाने चेंडू उडवावा लागे. प्रत्येक सामन्यात चार-पाच वेळा. कधी ती आधी पोहोचायची. पोहोचली नाही त्याचे ते अकरा गोल.

"मागं फारच मोकळं ठेवते तू," वसंत सर एकदा म्हणाले होते. ते आता सत्तरीला आले होते, पोस्टातून निवृत्त, तरी रोज मैदानावर येत.

"सर, एकोणीस मारले आपण."

"मारले ना. मी कुठं नाही म्हणतो?"



उपांत्य सामना खरगोनच्या संघाशी होता, घरच्या मैदानावर, दुपारी दोनला. जिंकलं तर खंडव्याला अंतिम सामना. देवराम त्या दिवशी पहिल्यांदाच बघायला आले होते, गळ्यात गमछा, भिंतीवर न बसता गोलाच्या बाजूला उभे.

पहिली पंचवीस मिनिटं खरगोनच्या मुलींना श्वास घेता आला नाही. दीपालीच्या पासवर एक गोल झाला. डाव्या कडेच्या कोकिळाने, देडतलाई गावच्या उंच मुलीने, दुसरा करून दिला. भिंतीवरचे लोक नाचत होते. पण त्याच वेळात खरगोनची सात नंबरची फॉरवर्ड तीनदा एकटी सुटली होती. दोनदा स्नेहलने पळत येऊन चेंडू बाहेर उडवला, एकदा सात नंबरचा नेम चुकला.

हाफ टाइमला मुली पाणी पीत असताना वसंत सर ज्योत्स्नाजवळ आले.

"दोन गोल आहेत हातात. आता दीपालीला मागं ठेव. एकीला तरी ठेव, बेटा."

"दोन गोल झाले म्हणून खेळ बदलायचा? मग त्या आपल्यावर चढतील, सर. आपला बचाव हाच, की चेंडू त्यांच्याकडे जाऊच द्यायचा नाही."

"सगळ्या वेळी कोण ठेवू शकतं चेंडू आपल्याकडे?"

ज्योत्स्नाला ते जुनं वाक्य आठवलं, आधी घर राखा, आणि तिच्या कपाळावर आठी आली. "आपण तसंच खेळू," ती मुलींना म्हणाली. मुलींनी आनंदाने माना हलवल्या. स्नेहल बूट पुसत होती. तिनेही मान हलवली.

साठाव्या मिनिटाला खरगोनने एक गोल फेडला, अगदी तसाच. लांब पास, सात नंबर एकटी, स्नेहल दोन पावलं उशिरा. बहात्तराव्या मिनिटाला दीपाली समोरच्या कोपऱ्यात असताना तिचा पास अडला. खरगोनच्या बॅकने मान वर करून निवांत बघितलं आणि चेंडू उंच उचलला. तो दोघी मधल्या बॅकच्या डोक्यावरून गेला. सात नंबर सुटली. स्नेहल बॉक्समधून निघाली.

या वेळी स्नेहल आधी पोहोचली. तिने घसरत चेंडू बाहेर उडवला. पण सात नंबरला थांबता आलं नाही. तिचा गुडघा स्नेहलच्या कानामागे लागला. त्याचा आवाज भिंतीवरच्यांनाही आला.

स्नेहल उठली नाही.

सगळ्यांत आधी तिच्याजवळ कोण पोहोचलं, तर गोलाच्या बाजूला उभे असलेले देवराम. मग ती सात नंबरची मुलगी, रडत. स्नेहलच्या स्वतःच्या संघातल्या मुली इतक्या पुढे होत्या की त्यांना यायला वेळ लागला. पळत येताना ज्योत्स्नाला हे स्पष्ट दिसलं : हिरव्या गवतावर तिघं जण, आणि आपला एकही निळा शर्ट जवळपास नाही.

अर्ध्या-पाऊण मिनिटाने स्नेहलने डोळे उघडले. "बॉल गेला का?" तिने विचारलं.

"गेला, बेटा, गेला. पडून राहा. हलू नको." वसंत सर तिच्याजवळ वाकून म्हणाले. पंचांनी बोलावलेल्या कंपाउंडरने तिची मान दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

वसंत सरांची व्हॅन मैदानात आणली. फळीवर निजवून स्नेहलला आत ठेवलं. ज्योत्स्ना चढता चढता मागे वळली. बदली खेळाडू संपल्या होत्या आणि राखीव गोलकीपर तापाने घरी होती. अजून अठरा मिनिटं खेळ बाकी होता.

"दीपाली, तू बघ," एवढंच ती म्हणाली. काय बघ, कसं बघ, ते तिला सांगता आलं नाही.

व्हॅनमध्ये स्नेहलने पुन्हा विचारलं, "बॉल गेला का?" देवराम म्हणाले, "हो ना, माय." चौकातून वळताना पुन्हा, "मॅडम, बॉल गेला का?" दवाखान्याच्या फाटकात चौथ्यांदा. दर वेळी तोच आवाज, जणू आधी विचारलंच नव्हतं. देवराम दर वेळी उत्तर देत होते, पण चौथ्या वेळी त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

डॉक्टरांनी डोक्याचा स्कॅन सांगितला. स्नेहलला आत नेलं आणि देवराम, ज्योत्स्ना आणि वसंत सर बाकावर बसले. दुपारची उन्हं जिन्यावर आली होती. कोणीतरी मालूबाईंना, स्नेहलच्या आईला, जैनाबादहून आणायला गेलं होतं.  मग देवरामनी गमछा गुडघ्यावर ठेवला.

"मॅडम, एक विचारू?"

"विचारा ना, भाऊ."

"तुमच्या अकरा पोरी खेळू राह्यल्या होत्या ना? मंग माही पोर तिथं एकटीच कशी? बाकीच्या कुठं होत्या?"

ते रागाने विचारत नव्हते. फुटबॉलमधलं त्यांना काही कळत नव्हतं आणि त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. ज्योत्स्नाला ते समजावता आलं असतं. सेंटर लाइन, कडेच्या बॅक, समोरच्यांना कोंडणं. रोज दहा वेळा ती हेच समजावत होती. पण आता तिला फक्त खरं उत्तर सुचलं.

"मी त्यांना पुढं पाठवलं होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं, भाऊ."

 वसंत सर जिन्याकडे बघत राहिले. त्यांना हवं तर आता बोलता आलं असतं, मी सांगितलं होतं म्हणून. ते उठले आणि तिघांसाठी चहा घेऊन आले.

पावणेपाचला डॉक्टर बाहेर आले. तरुण होते, घाईत होते, पण बाकासमोर येऊन नीट थांबले.

"स्कॅन साफ आहे. आत रक्तस्राव नाही, हाडाला काही नाही. मार जोराचा आहे, त्यामुळे डोकं दुखेल, चक्कर येईल, चिडचिड होईल. आजची रात्र इथंच ठेवू. नंतर निदान तीन आठवडे पळणं-खेळणं बिलकुल नाही. पण पोरगी ठीक होईल. पक्कं."

"पक्कं?" देवरामनी विचारलं.

"पक्कं, काका. आता मला विचारत होती, स्कोर काय झाला म्हणून. आणि एकदाच विचारलं."

मालूबाई तेवढ्यात पोहोचल्या होत्या. त्यांनी डॉक्टरांचं शेवटचं वाक्य ऐकलं आणि तिथेच भिंतीला टेकून मटकन खाली बसल्या. देवराम गमछ्यात तोंड घालून रडले, मोठ्याने, कोणाची पर्वा न करता. ज्योत्स्नाला वाटलं होतं आपण उठून त्यांना धीर द्यावा. पण छातीवर ठेवलेलं जातं कोणीतरी उचलून नेलं होतं आणि आता श्वास इतका सहज येत होता की तिला हुंदकाच फुटला.

मुली आल्या त्या याच वेळी. धुळीने भरलेल्या, एका टेम्पोतून सगळ्या एकदम. दीपालीच्या हातात अजून गोलकीपरचे हातमोजे होते.

"कशी आहे?"

"बरी आहे. साफ आहे सगळं," वसंत सर म्हणाले.

त्यांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. मग दीपालीला एकदम आठवलं. "मॅडम, जिंकलो. दोन-एक."

"कसं?"

"मी गोलमध्ये गेले. तिथं उभी राहिले ना, मॅडम, तर समोर कोणीच नाही. इतकं मोठं मैदान! घाबरलेच मी. ओरडले सगळ्यांना, अरे यार, परत या, सगळ्या या. मग कोणी सेंटर लाइन ओलांडलीच नाही. अठरा मिनिटं नुसते बॉल बाहेर मारत बसलो. लोक शिट्ट्या मारत होते आपल्याला." तिने हातातल्या हातमोज्यांकडे बघितलं. "स्नेहल हे रोज बघते, मॅडम? मला माहीतच नव्हतं."

अंतिम सामन्याचं मैदान एका मोठ्या कार्यक्रमासाठी आधीच ठरलेलं होतं, म्हणून सामना पाच आठवड्यांनी पुढे गेला. दहा दिवसांनी ज्योत्स्ना आणि वसंत सर जैनाबादला स्नेहलला भेटायला गेले. ती ओसरीत सावलीला बसली होती. उजेडाने अजून डोकं दुखायचं, मोबाईल बघायला बंदी होती, त्यामुळे कंटाळून गेली होती.

"स्नेहल," ज्योत्स्ना म्हणाली, "एक खरं सांग. तुला तिथं भीती वाटायची का?"

स्नेहलने आईकडे, मग वडिलांकडे पाहिलं. "वाटायची."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? आपण जिंकत होतो. सगळ्या इतक्या खूश असायच्या. दीपाली तर बसमध्ये नाचायची. मी म्हणणार, मला भीती वाटते, थोडं कमी पळा?" मग ती पटकन पुढे म्हणाली, "आणि मॅडम, मजापण यायची ना. गोलात नुसतं उभं राहून शॉटची वाट बघायची, त्यापेक्षा बाहेर येऊन बॉल मारायला मला आवडतं. खरंच आवडतं. एकदा-दोनदा. पाच वेळा नाही."

"मी विचारायला हवं होतं."

"हो," स्नेहल म्हणाली. ती गोड मुलगी होती, पण डोकं दुखत असल्यामुळे त्या दिवसांत खोटं बोलायचा तिला कंटाळा येत होता.

मालूबाईंनी ताटात शेंगदाणे आणि फुटाणे आणून ठेवले. ज्योत्स्नाने त्यातलेच अकरा शेंगदाणे आणि अकरा फुटाणे वेगळे केले आणि ओसरीच्या फरशीवर मैदान मांडलं. देवरामही येऊन उकिडवे बसले. तिने सगळं दाखवलं. कडेच्या दोन्ही बॅक पुढे गेल्या की फुटाणे कसे कोपऱ्यात कोंडले जातात, गोल कसे होतात. आणि तिथे चेंडू हरवला की मागे काय उरतं.

"हे चांगलं आहे," देवराम फुटाण्यांची कोंडी बघून म्हणाले. मग त्यांनी दुसऱ्या टोकाच्या एकट्या शेंगदाण्यावर बोट ठेवलं. "हे नाही."

"एका वेळी एकीनंच जायचं," स्नेहल म्हणाली. "दीपाली गेली तर कोकिळा मागं. कोकिळा गेली तर दीपाली मागं. मग तिघी राहतात."

"आणि मधल्या फळीतली एक मधल्या बॅकच्या समोर थांबवली तर?" ज्योत्स्नाने एक शेंगदाणा मागे सरकवला.

"तरीही लांब पास जाईल," वसंत सर म्हणाले. "त्या दिवशी तो पास का गेला? त्यांच्या बॅकला मान वर करायला वेळ मिळाला. निवांत बघून मारला तिनं. बॉल गेला की जी सगळ्यांत जवळ असेल तिनं ताबडतोब तिच्या अंगावर जायचं. पाच आकडे मोजेपर्यंत. मान वर करूच द्यायची नाही. तेवढ्यात बाकीच्या मागं येतात."

"पाच आकडे कोणीपण पळू शकतं," स्नेहल म्हणाली.

"सर," ज्योत्स्नाने विचारलं, "मग तुम्ही आम्हाला कधीच का नाही जाऊ दिलं पुढं?"

वसंत सरांनी फरशीवरच्या दाण्यांकडे बघितलं. "मला हरायची लाज वाटायची. गोल खाल्ला की लोक कोचला हसतात. गोल मारला नाही तर कोणी हसत नाही, नुसतं घरी जातं. तू चांगली पळायचीस, ज्योत्स्ना. मी तुला सात वर्षं बांधून ठेवलं. तू या पोरींना सोडलंस तेव्हा मला आतून बरंच वाटलं होतं." बोलता बोलता त्यांनी फरशीवरून एक दाणा उचलून तोंडात टाकला.

"सर!" स्नेहल ओरडली. "कोकिळाला खाल्लं तुम्ही!"

देवराम इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी ताटातून दुसरा शेंगदाणा उचलून कोकिळाच्या जागी ठेवला.

डॉक्टरांनी चौथ्या आठवड्यात हळूहळू सरावाची परवानगी दिली. देवरामनी मात्र आपली अट घातली : सरावाला मी येणार. ते रोज संध्याकाळी गोलाच्या मागे उभे राहायचे आणि दोन संघांचा खेळ चालू असताना स्नेहल किती वेळा एकटी सापडते ते बोटांवर मोजायचे. "आज चार, मॅडम," ते पहिल्या दिवशी म्हणाले. ज्योत्स्नाने सगळ्यांना थांबवून पुन्हा शिकवलं. दीपालीला मागे थांबायचं सर्वांत जड जात होतं. चेंडू कोकिळाकडे गेला तरी तिचे पाय आपसूक पुढे निघायचे, मग जीभ चावून ती परत यायची. पण गोलात घालवलेली ती अठरा मिनिटं ती विसरली नव्हती. चौथ्या दिवशी देवराम म्हणाले, "तीन." आठव्या दिवशी, "आज एकदाच. अन् तेही तिले आवडलं असं वाटलं."

खंडव्याला अंतिम सामना इंदूरच्या संघाशी होता. बुऱ्हाणपूरहून तीन टेम्पो भरून लोक आले होते आणि पहिल्या वीस मिनिटांत त्यांची थोडी निराशा झाली. त्यांना ती जुनी धुमाळी हवी होती. दीपाली जायची, पण दर वेळी नाही. तरी पस्तिसाव्या मिनिटाला ती गेली, कोकिळा मागे थांबली, आणि दीपालीच्या पासवर गोल झाला. तेव्हा टेम्पोवाले ढोल बडवायला लागले. उत्तरार्धात इंदूरने कॉर्नरवर बरोबरी केली. तो त्यांच्या एका उंच मुलीने डोक्याने मारलेला गोल होता, त्यात कोणाचीच चूक नव्हती.

शेवटच्या पाच मिनिटांत ते घडलं ज्याची ज्योत्स्नाला पाच आठवडे धास्ती होती. कोपऱ्यात चेंडू हरवला, पाच आकड्यांची धाव एक पाऊल कमी पडली आणि इंदूरच्या बॅकने चेंडू उंच उचलला. त्यांची नऊ नंबर सुटली. स्नेहल बॉक्समधून निघाली. ज्योत्स्नाला डोळे मिटावेसे वाटले. पण नऊ नंबरच्या खांद्याला खांदा लावून कोकिळा पळत होती, आणि आतल्या बाजूने आणखी एक निळा शर्ट येत होता. कोकिळाने नऊ नंबरला बाहेर ढकलत ढकलत कडेला नेलं. स्नेहल थांबली, दोन पावलं मागे बॉक्समध्ये गेली आणि वाकून हळू झालेला चेंडू दोन्ही हातांत घेतला. कोणी कोणाला धडकलं नाही. स्नेहलने चेंडू पोटाशी धरला आणि हसून कोकिळाला काहीतरी म्हणाली.

 सामना एक-एक सुटला आणि पेनल्टीत बुऱ्हाणपूरच्या मुली हरल्या, चार-तीन. स्नेहलने एक अडवली, पण दीपालीची शेवटची पेनल्टी दांड्यावर आपटून बाहेर गेली. दीपाली तिथेच गुडघ्यावर बसली. स्नेहल बाजूच्या कोपऱ्यातून धावत गेली, तिच्यासमोर बसली आणि तिचं डोकं खांद्यावर घेतलं. बाकीच्याही पोहोचल्या, सगळ्या, अगदी लगेच.

ज्योत्स्नाला वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण स्नेहल स्वतःच्या पायांनी चालत येत होती, हातमोज्यांनी नाक पुसत, आणि दुसऱ्या हाताने दीपालीला ओढत.

परतताना टेम्पोत देवराम ज्योत्स्नाशेजारी बसले होते. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग न राहवून म्हणाले, "मॅडम, राग नका मानू. पण शेवटचे दहा मिनिटं दोघी बॅक पुढं धाडायच्या होत्या. मारला असता एक."

 पुढच्या सीटवरून वसंत सर वळले. "मीपण तेच म्हणणार होतो," ते म्हणाले.

तिला इतकं हसू आलं की मागच्या मुली विचारायला लागल्या, काय झालं, मॅडम, काय झालं.

दिवस मावळायच्या आत टेम्पो ताप्तीचा पूल ओलांडून जैनाबादला पोहोचला. मालूबाईंनी सगळ्यांना खाली उतरवलं, कोणाचं काही ऐकलं नाही. अंगणात चादरी टाकल्या होत्या. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. मुली पंक्तीत बसल्या आणि पेनल्टीवरून भांडायला लागल्या. ज्योत्स्नाने पहिली भाकरी संपवली, दुसरी घेतली, आणि तिसरी अर्धी मागितली.